बुडालेलं राज्य, सोळा वर्षांचा धनी अन् घरातलाच काका : थोरल्या माधवराव पेशव्यांची गोष्ट

थेऊरच्या चिंतामणीला आपल्या भागातून माणसं कायम जातात. चतुर्थीला तर पाय ठेवायला जागा नसते. दर्शन होतं, प्रसाद घेतला जातो, अन् आपण गाडीला किक मारून घरी निघतो. त्याच देवळाच्या आवारात १७७२ साली एका सत्तावीस वर्षांच्या माणसानं क्षयानं झिजून प्राण सोडला. त्याच्या मागं त्याची बायको नदीकाठी सती गेली. हा माणूस म्हणजे थोरले माधवराव पेशवे.

मंडळी, मी काही इतिहासकार नाही. ऊस-कांद्याची शेती करतो अन् बातम्या पाठवतो. पण गावोगावच्या सोसायट्या, दूध संस्था, पतसंस्था यांच्या सभांना बसून एक गोष्ट ध्यानात आली आहे. संस्था बुडायला बाहेरचा माणूस क्वचितच लागतो, आपलाच कोणी पुरेसा होतो. अन् बुडालेली संस्था ज्याच्या हातात येते त्याच्यापुढं सगळ्यात अवघड प्रश्न हाच असतो, की आपल्या माणसाचं करायचं काय? माधवरावांच्या अकरा वर्षांच्या कारभारात हाच प्रश्न पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत होता. म्हणून त्यांची गोष्ट आज सांगावीशी वाटते.

राज्य हातात आलं तेव्हा

माधवरावांचा जन्म फेब्रुवारी १७४५ चा, कर्नाटकातल्या सावनूरचा. वडील नानासाहेब पेशवे, आई गोपिकाबाई. हा दुसरा मुलगा. गादीवर थोरला विश्वासराव बसणार हे ठरलेलं होतं, त्यामुळं माधवरावांकडं भावी पेशवा म्हणून कोणी बघत नव्हतं.

१४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं. विश्वासराव पडले, सदाशिवरावभाऊ पडले. महाराष्ट्रात असं घर राहिलं नाही की जिथं रडारड झाली नाही. त्या धक्क्यानं खचलेले नानासाहेब जून १७६१ मध्ये पर्वतीवर वारले. महिन्याभरात, जुलैमध्ये, माधवरावांना साताऱ्याच्या छत्रपतींकडून पेशवाईची वस्त्रं मिळाली. वय वर्षं सोळा.

हातात काय आलं ते बघा. कर्ती माणसं रणात गेलेली. खजिन्यावर कर्जाचा डोंगर. उत्तरेत दरारा संपलेला. शेजारी निजाम टपून बसलेला, अन् खाली कर्नाटकात हैदर अली डोकं वर काढत होता. सरदार ज्याच्या त्याच्या मुलखात राजे झाले होते. आजच्या भाषेत सांगायचं तर संचालक मंडळ गेलं, बँकेचं कर्ज थकलं, सभासद फुटले, अन् खुर्चीवर अकरावीतलं पोरगं बसवलं.

काकांचा कारभार

पोरगं लहान म्हणून कारभार चुलत्याकडं गेला. रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा. वय सत्तावीस. अटकेपर्यंत फौज नेलेला शूर माणूस, हे मान्यच करावं लागतं. त्यांच्या सल्ल्याला सखारामबापू बोकील, डोक्यानं अतिशय तल्लख. पण राघोबादादांचं एक होतं. राज्याचं भलं अन् आपला मान यात निवड करायची वेळ आली की त्यांचा हात मानाकडं जायचा. हिशोबात ढिले, कानाचे हलके, अन् शत्रूला सोडून देण्यात उदार.

पानिपतानंतर वर्षाच्या आत निजाम पुण्यावर चालून आला. उरुळीजवळ त्याला अडवलं, कोंडीत पकडलं. तिथं त्याचा कायमचा बंदोबस्त व्हायचा, पण राघोबादादांनी हलक्या अटींवर त्याला सोडून दिलं. पुढंमागं हा आपल्या कामाला येईल, असा त्यात हिशोब होता. माधवराव हे सगळं बघत होते. सतरावं लागल्यावर ते कारभारात लक्ष घालू लागले, कागद मागू लागले, हिशोब विचारू लागले. तिथून ठिणगी पडली.

आळेगाव : हरायचा निर्णय

१७६२ च्या पावसाळ्यात राघोबादादा रुसून पुण्याबाहेर पडले अन् फौज जमवू लागले. मदतीला त्यांनी कोणाला घ्यावं? निजामाला. नोव्हेंबरमध्ये आपल्याच पुणे जिल्ह्यात, घोडनदीला अन् मग आळेगावला, पुतण्याची फौज अन् काकांची फौज समोरासमोर आली. माधवरावांचा पराभव झाला.

आता पुढं काय करायचं? पळून जाता आलं असतं. साताऱ्याकडं जाऊन सरदार गोळा करून पुन्हा लढता आलं असतं. त्यांच्या बाजूची माणसं काही थोडी नव्हती. पण त्याचा अर्थ एकच झाला असता. मराठ्यांची दोन राज्यं, दोन फौजा, अन् मध्ये निजाम मजा बघणारा. पानिपतात जे उरलं होतं ते घरच्या भांडणात संपलं असतं.

माधवराव स्वतः होऊन काकांच्या छावणीत गेले अन् त्यांच्या स्वाधीन झाले.

तरण्या रक्ताला हे किती जड जात असेल, याचा विचार करा. आपल्याकडं बांधावरून फूटभर जमिनीसाठी दोन पिढ्या कोर्टात जातात. माझ्या भावकीतलं एक प्रकरण माझ्या आजोबांनी सुरू केलं होतं, ते परवा कुठं मिटलं. पुढच्याच्या दारात जायचं म्हटलं की पाय उचलत नाही. इथं तर पेशवाईची वस्त्रं घेतलेला माणूस कैद्यासारखा पहाऱ्यात राहायला तयार झाला. माधवराव राज्य सोडून देत नव्हते. राज्याची वाटणी टाळण्यासाठी त्यांनी आपला मान सोडला.

राक्षसभुवन

काकांच्या हाती सगळं आल्यावर त्यांनी जुन्या विरोधकांवर सूड काढायला सुरुवात केली. कामाची माणसं पदावरून काढली, आपली बसवली. मिरजेच्या गोपाळराव पटवर्धनांवर चालून गेले, त्यांचं ठाणं घेतलं. गोपाळराव चिडून निजामाला मिळाले. नागपूरचे जानोजी भोसलेही तिकडं गेले. आधी निजामाकडून मिळवलेला मुलूख त्याला परत द्यायचं कबूल करून बसले. एवढं देऊनही निजाम गप्प बसला नाही. १७६३ मध्ये त्याची फौज पुण्यात शिरली, घरं लुटली, जाळली. मराठ्यांची फौज त्या वेळी निजामाच्या मुलखात लूट करत फिरत होती.

अशा वेळी आपल्यासारख्यानं म्हटलं असतं, काकांनी केलंय ते काकांनी निस्तरावं. माधवराव तसं वागले नाहीत. ते काकांच्या हाताखाली फौजेबरोबर राहिले. जानोजी भोसल्यांना मुलखाचं वचन देऊन निजामापासून फोडलं गेलं. ऑगस्टमध्ये गोदावरीला पाणी आलेलं. निजामाची निम्मी फौज नदीपलीकडं गेली अन् निम्मी त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर याच्याबरोबर अलीकडं राहिली. आजच्या बीड जिल्ह्यात गेवराई तालुक्यात राक्षसभुवन आहे, तिथं १० ऑगस्ट १७६३ ला गाठ पडली. लढाईच्या गर्दीत राघोबादादा शत्रूच्या वेढ्यात सापडले. त्यांना सोडवायला धावून कोण गेलं? माधवराव. विठ्ठल सुंदर मारला गेला अन् निजामाची पुरती मोड झाली.

आठ-नऊ महिन्यांपूर्वी ज्यानं पहाऱ्यात ठेवलं, त्याचाच जीव पुतण्यानं वाचवला. यानंतर माधवरावांनी कारभार हातात घेतला तेव्हा फौजेत कोणाची ना म्हणायची हिंमत राहिली नाही. राघोबादादा नाशिकजवळ आनंदवल्लीला जाऊन राहिले.

आधी आपल्यांना शिस्त

कारभार हातात आल्यावर माधवरावांनी काकांच्या माणसांची सरसकट कत्तल केली नाही की सगळ्यांना घरी बसवलं नाही. सखारामबापूंसारखा काकांचा सल्लागार कारभारात ठेवला, फक्त त्याच्यावर नजर ठेवली. चिडून निजामाकडं गेलेले गोपाळराव पटवर्धन परत आले, त्यांना मिरज परत मिळाली, अन् हैदर अलीवरच्या मोहिमांत तेच माधवरावांचा उजवा हात झाले. बाळाजी जनार्दन, म्हणजे नाना फडणीस, अन् हरिपंत फडके ही तरुण पोरं हाताखाली तयार केली.

पण सैलपणा मात्र कोणाचाच चालू दिला नाही. वेठबिगारीचंच घ्या. सरकारी माणूस गावातून जाताना शेतकऱ्यांना पकडून त्यांच्या डोक्यावर ओझी द्यायचा. पेरणी असो की काढणी, दाम नाही, भाकरी नाही. माधवरावांनी ही चाल बंद करायचा हुकूम काढला. बड्या मंडळींनी नेहमीप्रमाणं कानाडोळा केला. मग त्यांना खबर लागली की वसईच्या सुभेदार विसाजीपंतानं भारी किमतीचा माल असाच गरिबांच्या डोक्यावरून वाहून आणवला आहे. माधवरावांनी तो सगळा माल जप्त केला. ज्या लोकांना शेतातून ओढून आणलं होतं त्यांना त्यांच्या मेहनतीचा मोबदला दिला. अन् नवा हुकूम काढला. त्यानंतर तो मोडायची कोणाची छाती झाली नाही. हुकूम पहिलाही होता, पण मोठ्या माणसावर एकदा लागू झाला तेव्हाच तो खरा झाला.

न्यायाच्या गादीवर माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे. त्यांची एक गोष्ट घरोघरी सांगतात. तरुण माधवरावांना जप-अनुष्ठानाचा नाद लागला, अन् तासन् तास ते पूजेतच बसू लागले. कामासाठी आलेले रामशास्त्री ताटकळले. दुसऱ्या दिवशी त्यांनी काशीला जायची परवानगी मागितली. त्यांचं म्हणणं सरळ होतं. राज्य करायचं असेल तर रयतेचं काम हीच पूजा, नाहीतर दोघेही काशीला जाऊन बसू. माधवरावांना राग आला असता तर रामशास्त्री जागेवर गेले असते. पण त्यांनी चूक कबूल केली अन् अनुष्ठानं आवरली. रागीट म्हणून त्यांचा लौकिक होता, कोणी चुकलं की ते जाळ व्हायचे. पण खरं बोलणाऱ्याला त्यांनी कधी दूर केलं नाही.

आईचं प्रकरण याहून अवघड. गोपिकाबाई रास्ते घराण्यातल्या, करारी बाई. कारभारात त्यांचा शब्द चालावा, माहेरच्या माणसांना झुकतं माप मिळावं, असं त्यांना वाटे. माधवरावांनी ते चालू दिलं नाही. मायलेकात बिनसलं अन् गोपिकाबाई नाशिकजवळ गंगापूरला जाऊन राहिल्या. मुलगा गादीवर असताना आई लांब राहते, हे त्या काळी काय बोललं गेलं असेल ते आपण समजू शकतो.

अहिल्याबाईंचा प्रश्न

१७६६ मध्ये मल्हारराव होळकर गेले. वर्षभरात त्यांचा नातू मालेरावही गेला. गादीला वारस उरला नाही. होळकरांचा दिवाण गंगोबातात्या यानं राघोबादादांना निरोप धाडला की दौलत ताब्यात घ्यायला हीच वेळ आहे. राघोबादादा फौज घेऊन माळव्यात होतेच.

अहिल्याबाई लढायला सिद्ध झाल्या अन् त्यांनी माधवरावांकडं दाद मागितली. माधवरावांपुढं दोन बाजू होत्या. एकीकडं आपल्याच घरातला काका, अन् होळकरांची श्रीमंत दौलत पेशव्यांच्या खजिन्यात येण्याची संधी, तीही कर्ज डोक्यावर असताना. दुसरीकडं एक विधवा बाई. माधवरावांनी कौल अहिल्याबाईंच्या बाजूनं दिला. दौलतीचा कारभार त्यांनी बघायचा अन् फौजेचं काम तुकोजी होळकरांनी, अशी व्यवस्था लागली. पुढची अठ्ठावीस वर्षं अहिल्याबाईंनी जो कारभार केला तो सगळ्या हिंदुस्थानाला माहीत आहे.

या निर्णयानं खजिन्यात पैसा आला नाही. पण पुण्याचा धनी आपली घरं गिळत नाही, हे सरदारांना कळलं. शिंद्यांच्या गादीचा वाद होता, तिथंही शेवटी महादजींना मान्यता मिळाली. हीच दोन घरं पुढं उत्तरेत उपयोगी पडली.

धोडप : आता नाही

राघोबादादांना माधवरावांनी कमी सांभाळून घेतलं नाही. त्यांच्या रुसव्या-फुगव्यांना तोंड दिलं, आनंदवल्लीला जाऊन समजूत घातली, त्यांचं कर्ज फेडायची तयारी दाखवली. पण काकांची मागणी एकच, राज्याची निम्मी वाटणी द्या.

हीच ती रेषा होती. पैसा मागा, मान मागा, राज्याचे तुकडे होणार नाहीत. राघोबादादांनी दत्तक घेतला, नाशिक जिल्ह्यात चांदवडजवळच्या धोडप किल्ल्याशी फौज गोळा केली, अन् इकडून तिकडून मदत मागवली. माधवराव आता थांबले नाहीत. बाहेरची मदत पोचायच्या आत, १० जून १७६८ ला त्यांनी धोडपवर धडक मारली. काका कैद झाले. त्यांना पुण्याला आणून शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं. गंगोबातात्यालाही कैदेची शिक्षा झाली. पण काकांच्या जिवाला हात लावला नाही.

आळेगावला शरण गेलेला अन् धोडपला काकांना पकडणारा माणूस एकच. दोन्ही वेळा कारणही एकच, राज्य फुटू द्यायचं नाही. सोळा-सतराव्या वर्षी ताकद नव्हती तेव्हा वाकून ते साधलं, तेविसाव्या वर्षी ताकद आली तेव्हा लढून.

घर आवरल्यावर बाकीचं भराभर मार्गी लागलं. १७६९ मध्ये कनकापूरच्या तहानं जानोजी भोसले पुन्हा चौकटीत आले. त्याच साली रामचंद्र गणेश अन् विसाजी कृष्ण यांच्याबरोबर मोठी फौज उत्तरेत गेली, सोबत महादजी शिंदे अन् तुकोजी होळकर. १७७१ मध्ये दिल्ली मराठ्यांच्या हातात आली अन् जानेवारी १७७२ मध्ये बादशहा शहाआलमला त्यांनी दिल्लीच्या तख्तावर नेऊन बसवलं. पानिपताला अकरा वर्षं झाली होती.

थेऊरचे शेवटचे दिवस

पण दिल्लीची बातमी पुण्यात पोचली तेव्हा माधवराव अंथरुणाला खिळत चालले होते. क्षयावर त्या काळी औषध नव्हतं. हैदरवरची मोहीम अर्ध्यात सोडून त्यांना मागं फिरावं लागलं होतं. शेवटी चिंतामणीवर भरवसा ठेवून ते थेऊरला येऊन राहिले.

मरण दिसत असताना त्यांनी पुढच्या कारभाराची कलमं लिहून ठेवली. त्यात राज्यावरचं कर्ज फेडून टाकावं हेही होतं. देणेकऱ्याच्या मनाला किती टोचणी असते हे आपल्याइतकं कोणाला कळणार!

अन् सगळ्यात अवघड निर्णय शेवटी. पोटी मूल नव्हतं. धाकटा भाऊ नारायणराव सतरा वर्षांचा, हूड अन् अपुऱ्या समजेचा. काका कैदेत, पण जिवंत अन् नाराज. माधवरावांनी काकांना जवळ बोलावलं, जुनं सगळं मागं टाकलं, अन् धाकट्या भावाला त्यांच्या अन् सखारामबापूंच्या हवाली केलं. १८ नोव्हेंबर १७७२ ला त्यांनी देह ठेवला. पत्नी रमाबाई सती गेल्या. मुळा-मुठेच्या काठी आजही ती जागा दाखवतात.

हा शेवटचा निर्णय फसला. नऊच महिन्यांनी, ३० ऑगस्ट १७७३ ला, गारद्यांनी शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून केला. राघोबादादा पेशवे झाले. रामशास्त्रींनी चौकशी करून दोष राघोबादादांवरच ठेवला अन् पद सोडून पुणं सोडलं.

आपण काय घ्यायचं?

माधवराव चुकले का? माझ्या मते, इथं ते चुकले. अकरा वर्षं ज्या काकांना ओळखलं, त्यांच्यावरच मरताना विश्वास टाकला. रक्ताच्या नात्यापुढं माणूस असा दुबळा होतो. पण दुसरा उपाय तरी कोणता होता? काकांना मारलं असतं तर ते माधवराव राहिले नसते. कैदेत ठेवलं असतं तर सतरा वर्षांच्या नारायणरावाला ती कैद किती दिवस सांभाळता आली असती? काही निर्णय असे असतात की दोन्हीकडून काटाच असतो.

तरी राज्य बुडालं नाही, हे विसरू नका. नारायणरावाच्या खुनानंतर जे कारभारी एकत्र आले, ज्यांना आपण बारभाई म्हणतो, त्यात नाना फडणीस, सखारामबापू, हरिपंत फडके होते. ही माणसं माधवरावांच्या कारभारात घडलेली किंवा त्यांनी सांभाळून ठेवलेली. त्यांनी नारायणरावाच्या तान्ह्या मुलाच्या नावानं राज्य चालवलं. राघोबादादा इंग्रजांना घेऊन पुण्यावर आले तेव्हा जानेवारी १७७९ मध्ये मावळातल्या वडगावला त्याच इंग्रजांना शरण यायला लावलं. तिथं महादजी शिंदेही होते.

आपल्या गावच्या संस्थांत नवा माणूस आला की आधी जुनी माणसं घालवतो, मग आपली भरतो, अन् तो गेला की संस्था त्याच्याबरोबर जाते. माधवरावांनी उलटं केलं. विरोधकाकडचा कामाचा माणूस ठेवला, आपल्या नात्यातल्याला आधी नियम लावला, तोंडावर चूक सांगणाऱ्याला जपलं, अन् वाटणी मागणाऱ्यापुढं एकदा वाकले, पण वाटणी दिली नाही.

पुढच्या चतुर्थीला थेऊरला गेलात तर दर्शन झाल्यावर लगेच गाडी काढू नका. घटकाभर आवारात बसा, मग नदीकाठी जाऊन या. बरोबर पोरंसोरं असतील तर त्यांना ही गोष्ट सांगा. अन् भावकीत कोणाशी बोलणं बंद असेल, तर येताना त्याच्यासाठीही प्रसादाची एक पुडी आणा.